पहिल्या नंबरवरचे काका

त्या हॉस्पिटलात तिला नावाने हाक मारणारं कोणी नव्हतं. सफाईवाल्यांपासून बड्या डॉक्टरांपर्यंत सगळे तिला कॉम्प्युटरबाई म्हणत. बिलाचा कागद अडकला, बोलवा कॉम्प्युटरबाईला. औषधांच्या खिडकीवरच्या कॉम्प्युटरचा पडदा काळा पडला, बोलवा कॉम्प्युटरबाईला. एकदा तर एक नर्स बंद पडलेलं भिंतीवरचं घड्याळ घेऊन तिच्या दाराशी आली होती. बाईने सेल बदलला आणि घड्याळ परत दिलं. तिसऱ्या मजल्यावर, एक्स-रे विभागाच्या मागे, एका खिडकीच्या खोलीत तिने सव्वीस वर्षं काढली. वय बावन्न. लग्न का केलं नाही असं विचारणारेही एव्हाना थकले होते.

तिच्या कामाची एक रीत होती. प्रोग्राम कागदावर छापून घ्यायचा, लाल पेन्सिल घ्यायची आणि तपासलेल्या प्रत्येक ओळीपुढे खूण करायची. खूण झाली की ती ओळ पक्की. लोक म्हणत, बाईची लाल खूण म्हणजे दगडावरची रेघ.

या बाईच्या हातून तीन वर्षांपूर्वी एक चूक झाली. ती सापडली तेव्हा एका घरातला माणूस गेलेला होता आणि त्या घरात आई मुलाशी बोलायची बंद झाली होती.

हॉस्पिटलात किडनीची वाट पाहणाऱ्यांची यादी होती, प्रत्येक रक्तगटाची वेगळी. कुठे मेंदू मृत झालेल्या माणसाच्या घरच्यांनी होकार दिला की किडनी यायची, तिच्या तपासण्यांचे आकडे मशिनमध्ये भरले जायचे आणि प्रोग्राम त्या गटाच्या यादीवरून वरून खाली फिरायचा. ज्यांच्याशी किडनी जुळते त्यांची नावं क्रमाने एका चिठ्ठीवर छापून यायची. ती चिठ्ठी घेऊन फोनवरची बाई पहिल्या नावापासून फोन लावायला सुरुवात करायची. नाव चिठ्ठीवर नसलं तर त्याचा अर्थ एकच लावला जाई: जुळली नाही.

हा प्रोग्राम मूळचा जुन्या सरांचा. त्यांनी तो फोर्ट्रान भाषेत लिहिला होता. सर निवृत्त झाले, मग वारले, मग त्यांचं मशिनही भंगारात निघायची वेळ आली. नव्या मशिनसाठी प्रोग्राम सी भाषेत आणायचं काम बाईकडे आलं.

या दोन भाषांत एक फरक आहे, आणि पुढचं सगळं त्या फरकातून घडलं. यादी म्हणजे मशिनच्या पोटातली ओळीने बांधलेल्या खोल्यांची रांग. प्रोग्राम लिहिणारे तिला ॲरे म्हणतात. फोर्ट्रान खोल्या माणसासारख्या मोजते: एक, दोन, तीन. सीला फक्त पहिल्या खोलीच्या दाराचा पत्ता ठाऊक असतो. त्या पत्त्याला पॉइंटर म्हणतात. दारापासून किती पावलं पुढे जायचं एवढंच तिला सांगायचं असतं, म्हणून पहिली खोली शून्य पावलांवर आणि दुसरी एक पावलावर. दुसरा फरक याहून वाईट. रांग कुठे संपते हे सीला माहीत नसतं आणि ती विचारतही नाही. पाच खोल्यांच्या रांगेत सहाव्या दारावर पाठवलं तरी ती मुकाट जाते, तिथे जे पडलेलं असेल ते उचलते आणि तोंडातून अवाक्षर काढत नाही.

जुन्या प्रोग्रामात रांगेतल्या खोल्यांवरून ओळीने फिरणारे त्रेपन्न फेरे होते, एकपासून सुरू होणारे. प्रत्येक फेरा शून्यापासून सुरू करायचा आणि शेवटच्या आकड्याच्या एक अलीकडे थांबवायचा.

त्या दिवसांत बाई लिफ्टमध्ये शिरली की लिफ्टमन काका विचारायचे, "काय कॉम्प्युटरबाई, आज कोणाचं ऑपरेशन?"

"फोर्ट्रानची सी करतेय, काका."

"म्हणजे माणसांच्या भाषेत?"

"म्हणजे एका इमारतीत तळमजल्याला एक म्हणतात, दुसरीत शून्य. सगळी बटणं बदलायची."

"आपल्याकडे शून्यच आहे पूर्वीपासून. एक साहेब वर्षभर खाली जायला एक दाबत होते. पहिल्या मजल्यावर उतरायचे आणि विचारायचे, रस्ता कुठे गेला?"

लिफ्टमन काका तेव्हा निवृत्तच होते. पण आठवड्यातून तीनदा ते डायलिसिसला यायचे, आणि सुई लागायच्या आधी अर्धा तास आपल्या जुन्या स्टुलावर बसून नव्या लिफ्टमनला दार कसं सावकाश लावावं ते शिकवायचे. काकू बाहेरच्या बाकावर बसायच्या. त्यांच्या पायाशी एक भरलेली पिशवी असायची: दोन सदरे, चादर, चपला. फोन आला की थेट दाखल व्हायचं, घरी जाण्यात वेळ घालवायचा नाही, असा बेत होता.

बाईने तीन आठवडे काम केलं. बावन्न फेरे बदलले. त्रेपन्नावा फेरा सतराव्या पानाच्या अगदी तळाशी सुरू होत होता आणि त्याचं बाकीचं शरीर अठराव्या पानावर होतं. त्या फेऱ्याचं शरीर तिने तपासलं, त्याच्यापुढे खूण केली. सुरुवातीची ओळ तशीच राहिली: एकपासून शेवटपर्यंत. हाच फेरा यादीवरून फिरून चिठ्ठी छापणारा होता.

तरीही चाचणीत ते पकडलं जायला हवं होतं. पण चाचणीचीही तिची एक रीत होती. खोटी यादी कधी चुकून खरी समजली जाऊ नये म्हणून ती पहिल्या जागी नेहमी स्वतःचं नाव घालायची आणि पुढचे रकाने कोरे सोडायची. कोऱ्या रकान्यांशी काहीच जुळत नाही. जुन्या प्रोग्रामने तिचं नाव वाचलं आणि जुळत नाही म्हणून सोडलं. नव्याने ते वाचलंच नाही. रांगेच्या शेवटी नवा प्रोग्राम एक दार पुढे गेला, तिथे रिकामी जागा होती, तीही कशाशी जुळली नाही. दोन्ही चिठ्ठ्या हुबेहूब निघाल्या. बाईने दोन्हींवर लाल खूण केली आणि फायलीला लावल्या.

त्या दिवसापासून प्रत्येक यादीतला पहिला माणूस मशिनच्या लेखी नाहीसा झाला. दुसऱ्या नंबरवर असेपर्यंत त्याला फोन येऊ शकत होता. पहिला आला की नाही.

पुढच्या वर्षी काका आपल्या गटाच्या यादीत वर सरकले. कोण कितव्या नंबरवर आहे हे दाखवणारा पडदा वेगळ्या प्रोग्रामवर चालायचा, आणि तो बरोबर होता. बाईने पडद्यावर नाव पाहिलं आणि जिन्याने धावत खाली गेली.

"काका, पहिला नंबर!"

"शाळेत कधी आला नाही, तो इथे आला," काका म्हणाले. "हिला सांगतो. म्हणेल, आधी मार्कशीट दाखवा."

काका चौदा महिने पहिले राहिले. त्या काळात त्यांच्या गटाच्या पाच किडन्या आल्या. काकू विचारायला गेल्या की उत्तर मिळायचं, "जुळली नसेल काकू. कधीकधी फार वेळ लागतो." काका म्हणायचे, "आपला माल जरा खास आहे, सुटा भाग मिळत नाही."

त्यांचा मुलगा मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात कामाला होता. काकांच्या फोनची बॅटरी फुगली होती, फोन मध्येच बंद पडायचा. एका सकाळी मुलाने तो दुकानात नेला, बॅटरी बदलली आणि दुपारी जेवायच्या वेळी परत आणला. तासभर फोन पूर्ण बंद होता. त्याच सकाळी काकांच्या गटाची किडनी आली. ती डायलिसिसच्या खोलीत काकांच्या शेजारच्या खाटेवर पडणाऱ्या शिक्षिकेला मिळाली. यादीत ती काकांच्या मागे होती.

काकू फोनवरच्या बाईकडे गेल्या. ती म्हणाली, "पहिला नंबर होता ना? मग केलाच असणार. बंद लागला की आम्ही पुढच्याला करतो." नोंद फक्त लागलेल्या फोनची ठेवायची पद्धत होती. न लागलेल्याचा पुरावा कुठेच नव्हता.

मुलगा म्हणाला, "आई, आला की नाही मला खरंच माहीत नाही. बंद होता गं तेव्हा."

काका हसण्यावारी नेत राहिले. दोन महिन्यांनी ते गेले. मृतदेह ताब्यात घेताना कॉरिडॉरमध्ये दहाबारा माणसं उभी होती. त्यात कॉम्प्युटरबाईही होती. सगळ्यांसमोर काकू मुलाला म्हणाल्या, "तुझ्या बॅटरीने खाल्लं त्यांना. तासभर धीर धरवला नाही तुला." मुलाने खाली पाहिलं. तेरा दिवसांनी त्याने सामान उचललं आणि तीन तासांवरच्या गावात दुकान टाकलं. महिन्यातून एकदा त्याचा फोन यायचा, काकू उचलायच्या नाहीत. नऊ महिन्यांनी फोन यायचे थांबले. बाईला हे माहीत होतं, कारण ती अधूनमधून काकूंकडे जायची आणि काकू नेमाने हीच गोष्ट सांगायच्या.

आणखी सात महिने गेले. हॉस्पिटलने सगळे प्रोग्राम पायथन भाषेत आणायचं ठरवलं. बाईने सीमधला प्रोग्राम ओळीला ओळ लावून उतरवला आणि एका मंगळवारी सकाळी चालवून पाहिला. तो बंद पडला.

पायथनचा स्वभाव सीच्या उलट. रांगेत खोल्या किती हे तिला पक्कं माहीत असतं. नसलेल्या दारावर पाठवलं की ती जागच्या जागी थांबते आणि कोणत्या ओळीने पाठवलं तेही सांगते. पडद्यावर तांबड्या अक्षरांत आलं की यादीत नसलेली जागा मागितली आहे. फेरा एक दार पुढे गेला होता. बाईने शेवटचा आकडा एकाने कमी केला आणि बोट तसंच कळीवर ठेवून बसली. शेवट एकाने पुढे असेल तर सुरुवातही एकाने पुढे असणार.

तिने तीन वर्षांपूर्वीची फाइल काढली. सतराव्या पानाच्या शेवटच्या ओळीपुढे लाल खूण नव्हती.

प्रत्येक किडनीचे आकडे मशिनमध्ये साठवलेले होते, त्या त्या दिवसाच्या याद्याही होत्या. दुरुस्त केलेला प्रोग्राम तिने सगळ्यांवरून फिरवला. तीन वर्षांत एकेचाळीस किडन्या. त्यातल्या अकरा वेळा चिठ्ठीवर पहिलं नाव वेगळं यायला हवं होतं. माणसं सात. पाच वारलेली, दोन अजून यादीत पहिली. काकांचं नाव दोनदा आलं. एकदा त्या बॅटरीच्या दिवशी. आणि एकदा त्याच्या चार महिने आधी, एका रविवारी, जेव्हा फोन चालू होता आणि काकूंच्या पदराच्या टोकाला बांधलेला होता.

बाईने बारा वाजायच्या आत मुख्य डॉक्टरांना सांगितलं. त्या दोन जिवंत माणसांची नावं त्याच दुपारी हाताने चिठ्ठ्यांवर चढली. मग डॉक्टरांनी दार लावलं.

"मॅडम, प्रोग्राम जुळते म्हणतो. प्रत्यक्ष टेबलावर काय झालं असतं ते कोणी सांगू शकत नाही."

"हो. पण फोन झाला असता."

"समिती बसेल. तोवर कोणाच्या घरी जायचं नाही, काही लिहून द्यायचं नाही. तुमच्याच भल्यासाठी सांगतोय."

"समितीला किती दिवस लागतील?"

"महिने म्हणा."

बाई खोलीत परत आली. तिच्या मनात माफीचा विचार नव्हता. ती शांतपणे एक गोष्ट मोजत होती: डॉक्टरांचं ऐकलं तर तिची नोकरी कदाचित वाचेल आणि काकू आणखी काही महिने, कदाचित कायम, मुलाला खुनी समजत राहतील. काकूंचं वय एकाहत्तर होतं. ती पाच वाजता निघाली.

काकू चौथ्या मजल्यावर राहायच्या. त्या इमारतीला लिफ्ट नव्हती. काका म्हणायचे, आयुष्यभर लोकांना वर नेलं आणि स्वतः जिना.

"ये गं," काकूंनी दार उघडलं. "कॉम्प्युटर बघायला आलीस? माझ्याकडे मिक्सर आहे फक्त."

त्या मटार सोलायला परत बसल्या. बाई समोर बसली आणि जे झालं ते सांगितलं. खोल्या, पावलं, सतरावं पान, सगळं. काकू सोलत राहिल्या. सांगून झालं तेव्हा म्हणाल्या, "परत सांग. हळू."

तिने परत सांगितलं.

"म्हणजे फोन आलाच नाही."

"केलाच नाही कोणी."

"त्या दिवशी?"

"त्या दिवशीही नाही. त्याच्या आधी एकदा यायला हवा होता. तेव्हाही नाही."

"तूच धावत आली होतीस ना सांगायला? पहिला नंबर म्हणून."

"हो."

"किती खूश झाले होते." काकूंनी एक शेंग उघडली आणि तशीच ताटात टाकली. "तुला काय वाटलं, मी माफ करीन म्हणून आलीस?"

"नाही, काकू."

"बरं."

काकूंनी ताटातली टरफलं एका बाजूला सारली. खालच्या मजल्यावर कोणाचा तरी नळ वाहत होता.

"मी त्याला काय म्हणाले ते तू ऐकलंस. तिथेच होतीस."

"होते."

"त्याला सांगायला पाहिजे." काकू उठल्या, फडताळातून मुलाची जुनी शाळेची वही काढून आणली आणि मागचं कोरं पान फाडलं. "लिहून दे. माझ्या तोंडच्या शब्दावर त्याने का विश्वास ठेवावा? मी ठेवला होता का त्याच्या?"

डॉक्टरांनी लिहू नका म्हणून सांगितलं होतं. बाईने लिहिलं. काकूंनी चष्मा लावून वाचलं आणि कागद परत सरकवला.

"हे ॲरे नि काय ते काढ. नोकरीचा अर्ज आहे का हा? त्याला एका वाचण्यात कळलं पाहिजे."

दुसऱ्या पानावर चार ओळी झाल्या. तुमच्या वडिलांचा नंबर पहिला होता. माझ्या चुकीमुळे मशिन पहिला नंबर वाचत नव्हतं. त्यांना हॉस्पिटलातून कधीच फोन केला गेला नाही. तुमच्याकडचा फोन चालू असता तरी आला नसता. खाली बाईने पूर्ण नाव लिहिलं, सही केली, तारीख घातली.

"चला, काकू, उद्या सकाळची बस आहे. मी येते सोबत."

"मी?" काकूंनी ताट उचललं. "कोणत्या तोंडाने जाऊ गं? तू जा. तुझं काम आहे ते."

दुसऱ्या दिवशी बाईने रजा टाकली. दुकान बसस्थानकाच्या मागच्या गल्लीत होतं, एक माणूस जेमतेम वळेल एवढं. काकांचा मुलगा डोळ्याला भिंग लावून एका उघड्या फोनवर वाकला होता. केस कानांवर पांढरे झाले होते. त्याने बाईला लगेच ओळखलं.

"आईला काही झालं?"

"नाही. बरी आहे. हे वाच."

त्याने भिंग काढलं आणि चार ओळी वाचल्या. मग पुन्हा वाचल्या. ठेवायला जागा नव्हती म्हणून कागद हातातच धरून राहिला.

"फोन चालू असता तर?"

"तरी आला नसता."

"नक्की? का आईने असं लिहायला सांगितलं?"

"सांगितलं आईनेच. पण खरं आहे. मी तपासलंय."

"तेव्हाही तुम्ही तपासलंच असेल ना," तो म्हणाला. आवाज चढला नव्हता.

एक गिऱ्हाईक आलं. मुलाने त्याच्या फोनचा पडदा बसवला, पुसला, दोनदा उघडबंद करून दाखवला. गिऱ्हाईक गेलं.

"मी रात्रंदिवस हिशोब करायचो," तो म्हणाला. "दहा वाजता उघडला. अकराला बसवला. बाजारातली बॅटरी नीट बसेना म्हणून दुसरी आणायला गेलो, त्यात वीस मिनिटं गेली. ती वीस मिनिटं नसती तर, असं." तो थांबला. "आई काही म्हणाली?"

"कोणत्या तोंडाने येऊ म्हणाली."

त्याने मान हलवली. हत्यारं एकेक करून पेटीत ठेवली, उघडा फोन पिशवीत घालून वर चिठ्ठी चिकटवली. मग भर दुपारी शटर खाली ओढलं.

"परतीची बस कितीला?"

"तीन चाळीस."

बस अर्धी रिकामी होती. बाई मागे बसली. तो तिच्या पुढे चार बाकं सोडून खिडकीशी बसला आणि तीन तासांत एकदाही वळून पाहिलं नाही. कागद त्याने खिशात ठेवला नव्हता, मांडीवर होता. दर थोड्या वेळाने त्याचं डोकं खाली जायचं आणि बाईला मागूनही कळायचं की तो त्याच चार ओळी वाचतोय.

काकूंच्या गल्लीचा थांबा आला. तो उतरला आणि फूटपाथवर उभा राहिला, जिना चढायची ताकद गोळा करत असल्यासारखा. बाईचं घरही त्याच थांब्यापासून जवळ होतं. ती उठली नाही. कंडक्टरने विचारलं, "बाई, इथेच ना तुमचं?"

"पुढचा," ती म्हणाली आणि बस सुटेपर्यंत समोरच्या रिकाम्या बाकाकडे बघत बसली.